अंड्यावर बसलं होतं कोण

माझे सगळे नर माद्या आहेत आणि सगळ्या माद्या नर, हे मला एका गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता कळलं. आदल्या दिवशीच्या टपालानं आलेलं एक पाकीट ओट्यावर उघडं ठेवून मी वाचत होते. चार वर्षं ज्या पक्ष्यांवर काम केलं, त्यांच्याबद्दल एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. अर्धा चहा कपात गेला, अर्धा ओट्यावर. नवऱ्यानं बाहेरच्या खोलीतून विचारलं, "भाजलं का गं?" मी म्हटलं, "भाजलं असतं तर परवडलं असतं."

आता त्या सकाळची आठवण झाली की हसू येतं. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं.

मी त्या वेळी खुलताबादच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत होते. घर गारखेड्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि गारखेड्यात घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. रोज सकाळी रिक्षानं क्रांती चौक, तिथून बसस्थानक, मग एसटीनं दौलताबादचा घाट चढून शाळा. शनिवारची शाळा सकाळची असे, म्हणून शनिवारची दुपार विद्यापीठाची.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात झाडून सगळे जंतांवर काम करायचे. शेळीच्या आतड्यातले जंत, कोंबडीच्या आतड्यातले जंत, तलावातल्या माशांच्या पोटातले जंत. बादल्या भरभरून आतडी यायची आणि जिन्यापासून वास सुरू व्हायचा. माझे मार्गदर्शक सर मोठ्या अभिमानानं म्हणत, "आपल्याकडे पाणी कमी असेल, पण जंतांना तोटा नाही." मी नाकाला पदर लावून पहिला आठवडा काढला आणि सरांना सांगितलं की मला दुसरं काहीही द्या. मग त्यांनी कपाटातून मेणकापडात गुंडाळलेलं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि म्हणाले, "जंत नको ना? घ्या. पेंग्विन."

त्या रजिस्टरची कथा अशी. सरांचा एक मित्र हवामानशास्त्रज्ञ होता आणि अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेला होता. त्यांच्या तळापासून बर्फगाडीनं जाता येईल एवढ्या अंतरावर अ‍ॅडेली जातीच्या पेंग्विनांची लहानशी वसाहत होती. गुडघ्याएवढा पक्षी, पाठ आणि डोकं काळं, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. या मित्रानं हौसेनं रजिस्टर आखलं. घरट्याचा क्रमांक, तारीख, वेळ, घरट्यात कोण आहे, समुद्राकडे कोण गेलं, कधी परतलं, पिलाला काय भरवलं. 'नर' आणि 'मादी' असे दोन रकानेही आखले. आणि आठवड्याच्या आत त्याला तळावर परत जावं लागलं, कारण तिथलं कुठलंसं यंत्र बिघडलं. वसाहतीजवळच्या झोपडीत उरला एक स्टोव्ह, एक वायरलेस, एक जनरेटर आणि तो चालू ठेवणारा एक मिस्त्री. रजिस्टर त्या मिस्त्रीकडे आलं.

मिस्त्रीनं ते तिथला उन्हाळाभर भरलं. त्या दिवसांत तिथं सूर्य मावळतच नाही, म्हणून हा गडी दोन-दोन तासांनी घड्याळाचा गजर लावून उठायचा, नोंद करायचा आणि पुन्हा पडायचा. चाळीस घरटी. एक ओळ रिकामी नाही, एक खाडाखोड नाही. तो मूळचा आमच्याच भागातला, खुलताबादच्या अलीकडच्या एका गावचा. म्हणून मोहिमेहून परतल्यावर तोच रजिस्टर घेऊन सरांकडे आला होता. मी त्याला पाहिलेलं नव्हतं. त्याच्या गावाच्या फाट्यावरून माझी बस रोज दोनदा जायची, तरी चार वर्षांत एकदाही उतरावंसं वाटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर मिस्त्रीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'मादी – छातीवर लाल टिपका. नर – छातीवर काळी रेघ.' ते मी गीतेतल्या श्लोकासारखं मानलं आणि कामाला लागले.

नोंदी जुळवल्या तर चित्र स्वच्छ होतं. अंडी घातल्यावर लाल टिपकेवाली दोन-दोन आठवडे न खातापिता अंड्यांवर बसून असायची आणि काळ्या रेघेचा समुद्रावर. पिलं झाल्यावर दोघं आळीपाळीनं जात, पण काळी रेघ लांबच्या फेऱ्या करी, उशिरा येई, आणि पिलाला भरवताना सांडे ते गुलाबी असे. गुलाबी म्हणजे क्रिल, कोळंबीसारखे बारीक जीव. लाल टिपका लवकर परते, आणि तिच्या भरवण्यात गुलाबीबरोबर पांढरं जास्त, म्हणजे मासे. थोडक्यात, नर लांब जातो, मादी जवळपास राहते. सरांना पटलं, विभागाला पटलं, मला तर फारच पटलं. याचं कारण काय असावं यावर मी तीन पानं लिहिली. मादीला पिलाची ओढ, पिलाच्या हाकेला तिचं शरीर देत असलेली ओ, नराचं भटकं शरीर आणि मोकळा स्वभाव. वाक्यं अशी काही जमली होती की सरांनी समासात दोनदा 'छान' लिहिलं.

एम्परर नावाच्या मोठ्या पेंग्विनात बाप अंडं पायांवर घेऊन उभा राहतो आणि आई समुद्रावर जाते, असं ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात होतं. ते मी सरांना दाखवलंही. सर म्हणाले, "तो अपवाद." अपवाद म्हटलं की विचार करायचं काम संपतं. आमचंही संपलं.

अ‍ॅडेलीवरचं काही आमच्या ग्रंथालयात नव्हतं. त्या काळी परदेशातल्या संशोधकांना छापील पोस्टकार्ड पाठवून त्यांच्या निबंधाची प्रत मागवायची पद्धत होती. मी अशी बरीच कार्डं पाठवली होती आणि विसरूनही गेले होते. त्यातल्या एकाचं उत्तर म्हणजे त्या गुरुवारचं पाकीट. दुसऱ्याच पानावर, जाता जाता लिहावं तसं वाक्य होतं की अंडी घातल्यावर मादी समुद्रावर निघून जाते आणि पहिली पाळी नर बसतो. खाली कसला पुरावा नाही की वाद नाही. जगाला ठाऊक असलेली जुनी गोष्ट होती ती. त्यांच्या जगाला.

माझ्या रजिस्टरात पहिली पाळी चाळीसच्या चाळीस घरट्यांत लाल टिपकेवालीची होती. एक सोडून. ते एक घरटं मी 'असामान्य' म्हणून आधीच बाजूला काढलेलं होतं.

माझा नवरा घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवायचा आणि माझा प्रबंध त्यानंच टाइप केला होता. मी त्याला ओल्या हातानं ते पान दाखवलं. त्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "मला टाइप करताना जरा वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

"की तुझा हा पेंग्विन गडी कामापेक्षा जास्तच फिरतोय."

"मग बोलला नाहीत ते!"

"टायपिस्टनं मजकुरात बोलायचं नसतं."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याचा दोष काहीच नव्हता, पण राग कुणावर तरी काढायला हवा होता आणि तो सगळ्यांत जवळ होता.

शनिवारी सरांकडे गेले. सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध गेला नाही तर मला नवा मार्गदर्शक मिळणार होता आणि नवा विषय, आणि आमच्या विभागात नवा विषय म्हणजे काय ते सांगायला नको. चार वर्षं पाण्यात, आणि पुढं बादलीतली आतडी. मी घाईघाईनं म्हटलं, "सर, सोपं आहे. फक्त रकान्यांची नावं उलटी करायची. नर तिथं मादी, मादी तिथं नर. सगळं जुळतं."

सरांनी निबंध वाचला. "मलाही तुमचं आधीचंच बरोबर वाटलं होतं हो," ते म्हणाले. "पण उलटं केलं की जुळतं म्हणून उलटं करायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत. मिस्त्रीनं टिपका कुणाला लावला आणि का लावला, हे तुम्हाला माहीत आहे का? काही लाल नर असतील, काही माद्या असतील, तर काय उलटं करणार? पुरावा आणा. मी थांबतो."

ते बरोबर बोलत होते, म्हणून मला त्यांचाही राग आला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी परतीच्या बसमधून फाट्यावर उतरले. मिस्त्रीचं घर शोधावं लागलं नाही. रस्त्यालगत पत्र्याची शेड, पुढं उघडून ठेवलेलं एक डिझेल इंजिन, दोन पाण्याचे पंप, आणि त्यांच्यामध्ये उकिडवा बसलेला पन्नाशीचा माणूस. सरांचं नाव सांगितल्यावर तो हात पुसत उठला. "पेंग्विनवाल्या मॅडम व्हय तुमी!" म्हणाला, आणि मला खाटेवर बसवून स्वतःच चहा टाकायला आत गेला. "मालकीण दौलताबादला गेलीय पेरू घिऊन. यील इतक्यात."

चहा येईस्तोवर मला धीर नव्हता. मी दारातूनच विचारलं, "मिस्त्री, लाल टिपका कुणाला लावायचा हे तुम्ही कसं ठरवलं?"

"म्हंजी?"

"म्हणजे त्यातली बाई कोण, बुवा कोण, हे कसं ओळखलंत? दिसायला तर दोघं सारखेच."

तो हसला. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईला एवढंही कळत नाही, असं ते हसणं होतं. "त्यात काय वळखायचं मॅडम? अंड्यावर बसल्याली ती बाई. तिला लाल लावलं, कुंकवावानी. कपाळाला लावणार हुतो, पर डोस्कं समदं काळं, दिसंना. म्हून छातीवर लावलं. मंग मागून जो आला त्येला काळी रेघ."

"साहेबांनी असं सांगितलं होतं?"

"साहेब म्हणले, दोघांला दोन रंग लावा, कोण कोण हाय ते मी आल्यावर बघतो. साहेब काय परत आले नायत. मंग म्या म्हणलं, एवढं तर आपल्यालाबी कळतंय."

मी त्याला निबंधातलं वाक्य सांगितलं. त्यानं स्टोव्ह बंद केला. चहा उकळून वर आला होता.

"म्हंजी म्या चाळीस बुवांला कुंकू लावलं?"

"तसंच दिसतंय."

"मंग समदं लिवलेलं वाया गेलं?"

इथं मी एक वाईट गोष्ट केली. मला 'नाही' म्हणता आलं असतं, 'बघू' म्हणता आलं असतं. पण चार दिवसांचा राग घशाशी आला होता, आणि मी म्हटलं, "हो. गेलं." त्या माणसाचा चेहरा असा उतरला की तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तीन महिने दोन-दोन तासांनी उठून त्यानं ते लिहिलं होतं. गावात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. शहरातल्या कुणा मॅडमच्या कामाला ते आलं, एवढीच त्याची कमाई, आणि ती मी एका शब्दात काढून घेतली. कप माझ्या हातात देताना तो म्हणाला, "चूक माजी लिवा मॅडम. साहेबाची नगं."

तेवढ्यात त्याची बायको आली. डोक्यावर रिकामी पाटी, साडीचा ओचा वर खोचलेला. माझ्याकडे बघून तिनं पाटी उतरवली आणि नवऱ्याला विचारलं, "तोंड का असं केलंय?" त्यानं सगळं सरळ सांगून टाकलं, स्वतःची चूक जराही न लपवता. मला वाटलं, ही आता हळहळेल. ती हसायलाच लागली. हसत हसत ओट्यावर बसली.

"अंड्यावर बसल्याली बाईच असती व्हय? कुठून काढलं हे? तुमी सोळा महिनं तिकडं बर्फात हुता, तवा मी कवा बसले हो घरात? हिरीवर मी, वावरात मी, बाजारात मी. पोरं कुणी संभाळली? तुमच्या आबानं. म्हाताऱ्यानं भाकरी थापल्या, येण्या घातल्या पोरींच्या. इचारा की गावात!"

मिस्त्री खाली बघून म्हणाला, "ते खरं हाय."

मग ती माझ्याकडे वळली. "आन् ताई, तुमचं लेकरूबाळ?"

"एक मुलगी आहे. दोन वर्षांची."

"आत्ता कुणापाशी हाय मंग?"

"वडिलांपाशी," मी म्हटलं. "ते घरीच असतात ना, टायपिंगचा क्लास..."

रोज सकाळी आठला मी घर सोडत होते, घाट चढून जात होते, संध्याकाळी परतत होते. मुलीला वरणभात कोण भरवत होतं, दुपारी मांडीवर टाकून टाइपरायटरच्या आवाजात कोण निजवत होतं, ते मला ठाऊक होतं. हे चालू असतानाच मी ती तीन पानं लिहिली होती. मादी जवळपास राहते. मादीला ओढ. आणि ज्यानं ती टाइप केली, त्याच्या मांडीवर तेव्हा बहुधा आमची मुलगी झोपलेली असेल. मिस्त्रीनं चाळीस पक्ष्यांना चुकीचं कुंकू लावलं, पण तो निदान शिकलेला नव्हता. काखेत कळसा घेऊन मी चार वर्षं दक्षिण ध्रुवाला वळसा घालत होते.

ती बाई माझ्याकडे बघून हसली नाही. उठून तिनं एक पेरू धुतला, चार फोडी केल्या आणि मीठ लावून माझ्यापुढं ठेवल्या.

मी मिस्त्रीला म्हटलं, "मघाशी चुकीचं बोलले. वाया काही गेलेलं नाही. तुमच्या नोंदी खऱ्याच आहेत, नावं तेवढी बदलली. पण सगळ्या घरट्यांत बदलली की काही घरट्यांत, ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. त्या निबंधात म्हटलंय की जोडीतल्या नराची चोच थोडी मोठी असते. दोन-चार मिलिमीटर. आता त्या चोची कुठून आणायच्या?"

मिस्त्रीनं मान वर केली. "चोची मोजल्यात की म्या."

"काय?"

"मोजल्यात. समद्यांच्या. रंग लावताना."

"कशासाठी?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "आता हातात धरलंय, चावतंय, वरडतंय, आन् खिशात वर्नियर हाय. न मोजता सोडायचं कसं?"

"मग रजिस्टरात लिहिलं का नाहीत?"

"त्याला रकाना नव्हता."

तो शेडमध्ये गेला आणि पत्र्याच्या पेटीतून ग्रीसचे डाग पडलेली एक डायरी घेऊन आला. जनरेटरचं तेल कधी बदललं, कुठला पट्टा घातला, व्हॉल्व्हची फट किती ठेवली, असं सगळं त्यात होतं. आणि त्याच्या मध्येच पानामागून पानं: घर एक, लाल, आकडा, काळा, आकडा. घर दोन, लाल, आकडा, काळा, आकडा. बेअरिंगचं माप घ्यावं तसं, दशांश चिन्हासकट. वाचायला मी त्यालाच सांगितलं. तो वाचत गेला, मी पिशवीतल्या वहीच्या मागच्या पानावर खुणा करत गेले.

"घर चार. लाल मोठं."

"पुढं."

"घर पाच. लाल मोठं."

त्याची बायको हातातलं काम टाकून ऐकत उभी होती. तीन घरट्यांत माप जवळजवळ सारखं निघालं, ती मी सोडून दिली. बाकी लाल मोठं, लाल मोठं, लाल मोठं. मग एका घरट्यापाशी मिस्त्री थांबला.

"हितं उलटं हाय. काळं मोठं."

"कितवं घर?"

"सत्तावीस."

सत्तावीस म्हणजे मी 'असामान्य' म्हणून काढून टाकलेलं घरटं. त्यातली लाल टिपकेवाली रंग लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी समुद्रावर निघून गेली होती आणि काळी रेघ अंड्यांवर बसली होती. मिस्त्रीला ते आठवत होतं. "ही उशिराची हुती. हिनं माझ्यासमोर अंडं घातलं. अजून बसलीच हुती तवा मी टिपका लावला."

म्हणजे बाकीच्या घरट्यांतल्या माद्या तो पोचायच्या आधीच अंडी घालून निघून गेल्या होत्या, आणि त्याला घरट्यात सापडले ते नर. ही एकच उशिराची, म्हणून सापडली. चाळीसांत एकच घरटं बरोबर होतं, आणि नेमकं तेच मी चुकीचं ठरवून बाजूला टाकलं होतं.

मला रडू आलं, हे सरळ सांगते. छातीवरचं ओझं उतरलं की हसू येतं म्हणतात; मला रडू आलं. मिस्त्री घाबरला. "आता काय झालं? ह्येबी चुकलं का?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि पेरूची फोड तोंडात घातली. त्याच्या बायकोनं त्याला सांगितलं, "बरं झाल्याचं रडतायत त्या. तुमाला नाय कळायचं." शेवटच्या बसला अजून वेळ होता. मी आणखी एक कप चहा प्याले, आणि तो मला फार गोड लागला. बसमध्ये खिडकीशी बसून वारा खात घाट उतरले. इतकं हलकं मला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं.

डायरी बघून सर खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "असा नोंद करणारा माणूस माझ्या विभागात एक नाही," म्हणाले. रकान्यांची नावं बदलली, आणि का बदलली ते एका स्वतंत्र पानावर सगळ्या चुकांसकट लिहिलं. आता चित्र असं झालं: अंड्यांवर पहिला बसतो तो नर. पिलं झाल्यावरही नर जवळच्या फेऱ्या करतो, लवकर परततो, मासे जास्त आणतो. मादी लांब जाते, जास्त वेळ बाहेर राहते आणि क्रिल घेऊन येते. पहिली गोष्ट जगाला माहीत होती. दुसरी मिस्त्रीच्या रजिस्टरातून निघालेली, आमची होती.

राहिली ती कारणाची तीन पानं. ती फाडली आणि नवी लिहायला बसले. मादी लांब का जाते? अंडी घालून तिचं अंग झडलेलं असतं, म्हणून? पण नर तर तिच्याहून जास्त दिवस उपाशी असतो. तिचं शरीर लहान, म्हणून? मोठ्या चोचीला मासे सोपे, म्हणून? प्रत्येक कारण लिहिलं की छान दिसायचं, आणि छान दिसलं की मला त्याची भीती वाटायची. आठ दिवसांनी नवऱ्याच्या टाइपरायटरशेजारी मी एक चिठोरा नेऊन ठेवला. त्यावर एकच ओळ होती: 'या फरकाचे कारण प्रस्तुत नोंदींवरून सांगता येत नाही.'

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"तीन पानांची एक ओळ. देव पावला," तो म्हणाला आणि मांडीवरच्या मुलीची बोटं हळूच कळांवरून बाजूला करून कागद चढवला.

तोंडी परीक्षेला मिस्त्री आणि त्याची बायको दोघं आले. मागच्या बाकावर बसले, मांडीवर पेरूंची पिशवी. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते आणि फारसं हसणारे नव्हते. त्यांनी चोचींच्या मापांवर बोट ठेवून विचारलं, "ही मापं कुठल्या जीवशास्त्रज्ञानं घेतली?" मी मागे हात केला. मिस्त्री उभा राहिला, काय करावं न कळून त्यानं नमस्कार केला. परीक्षकांनी खुर्चीतूनच उलट नमस्कार केला.

मग ते शेवटच्या पानांवर आले. "कारण का दिलं नाहीत? विद्यार्थी सहसा कारण दिल्याशिवाय राहत नाहीत."

"दिलं होतं, सर," मी म्हटलं. "तीन पानं. तेव्हा नोंदी पूर्ण उलट्या होत्या, तरी कारण अगदी चपखल बसलं होतं. म्हणून आता धीर होत नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आमच्या सरांकडे बघितलं. "माझं झालं," म्हणाले. सरांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती माझ्याहून कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा होतीच. आठ वाजता पिशवी घेऊन बाहेर पडले. शेजारच्या काकू फाटकात पाणी शिंपत होत्या. मुलगी झाल्यापासून त्या मला आठवड्यातून एकदा तरी एकच प्रश्न विचारायच्या, प्रेमानंच विचारायच्या, आणि दर वेळी माझं उत्तर तयार असायचं. जवळच्या शाळेत जागा नाही, बदलीचा अर्ज केलाय, तिचे बाबा घरीच असतात, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. उत्तर चांगलं असायचं, आणि ते दिल्यावर घाटापर्यंत मी तेच मनात पुन्हा पुन्हा घोळवत जायचे.

"झाली म्हणे परीक्षा! छान झालं," काकू म्हणाल्या. "आता तरी थांबशील ना गं? एवढ्याशा लेकराला सोडून इतक्या लांब का जातेस?"

"जाते, काकू," मी म्हटलं.

त्या पुढच्या वाक्याची वाट बघत तांब्या हातात धरून उभ्या राहिल्या. समोरून रिक्षा आली, मी हात केला आणि बसले.